टाकीनंतरचं पहिलं दळण

त्या दिवशी लाइट दुपारीच गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण ते फक्त वाचायला. विमल म्हणाली, "अहो, हातावर हात ठेवून काय बसलात? टाकी लावून घेऊ."

पिशवीतलं पीठ विकत आणणाऱ्यांसाठी सांगतो. पिठाच्या गिरणीत एकावर एक दोन दगड असतात. दळून दळून ते गुळगुळीत होतात आणि पीठ जाडंभरडं यायला लागतं. मग वरचा दगड उचलायचा आणि छिन्नी-हातोडीनं दोन्ही दगडांना बारीक घाव घालून परत खरखरीत करायचं. याला टाकी लावणं म्हणतात. वरचा दगड एकट्याचं काम नाही. मी पहार घालून तो वर करायचो आणि विमल खाली लाकडी ठोकळा सरकवायची. तिचा हात आत असेपर्यंत मी पहारेवर सगळा भार टाकून ठेवायचो. ती बिनघोर. "तुम्ही सोडणार नाही," एवढंच म्हणायची.

मी घाव घालत होतो. ती समोर ताट मांडीवर घेऊन गहू निवडत होती. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच येते, पोळी दाताखाली करकरते. बाकीचे गिरणीवाले ते पीठ कोणाच्या डब्यात घालतात ते मी सांगणार नाही, धंद्यातल्या माणसांची नावं कशाला घ्या. आमच्याकडं विमलचा नियम होता, टाकीनंतरचं पहिलं दळण आपलं. बाहेर कितीही डबे लागलेले असोत. "कच निघायची तर आपल्या दातात निघू दे," म्हणायची.

संध्याकाळच्या आत दगड बसवला. पट्टा चढवायचा राहिला. तिनं निवडलेल्या गव्हाचा डबा गिरणीला टेकवून ठेवला, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "चहा टाकते." पातेल्यात पाणी पडलेलं मी ऐकलं. पुढं काही ऐकू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार.

एक क्लब आहे, त्याचं पुढं येईलच; त्या लोकांनी नंतर तिच्यावर दोन पानं छापली. मी वाचली. त्यात फार थोर बाई आहे. शांतता, समर्पण, असं सगळं आहे. पण आमच्या घरात राहायची ती बाई काही मला त्यात सापडली नाही. म्हणून मी लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथी. चुकलं तर चुकलं.

विमल नांदगावची. बाप रेल्वेत गँगमन. ती दहावी पास होऊन माझ्या घरी आली. मी चांदवडकडचा, नाशिकला दुसऱ्याच्या गिरणीत राबलो आणि इंदिरानगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते तेव्हा पत्र्याचं शेड ठोकून स्वतःची गिरणी टाकली. आम्हाला मूल झालं नाही. तिनं पुढच्या खोलीत बालवाडी काढली. बायका म्हणायच्या, घरात पोर नाही म्हणून गल्लीतली गोळा केली. तिच्या कानावर आलं तर ती म्हणायची, "खरंच आहे. मग काय बिघडलं?"

बालवाडी सुटली की ती गिरणीवर यायची. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं पिठाच्या पेटीवर ठेवून तिनं बी.ए. केलं. पुस्तकांची पानं झटकली की पीठ पडायचं. इंग्रजीचं पाठांतर ती गिरणी चालू असताना करायची, ओरडून. का, तर त्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही आणि कोणी हसत नाही. त्यामुळं झालं काय, तिचं इंग्रजी जन्मभर मोठ्या आवाजातच निघालं. मराठीत ही बाई हळू बोलायची, आणि इंग्रजी सुरू झालं की शेजारचं कुत्रं उठून बसायचं.

गिरणीवाल्याची बायको, पण पोळी कधी गोल झाली नाही. मी म्हणायचो, "आज कुठला जिल्हा लाटलास?" ती म्हणायची, "खा गुमान, नाहीतर तालुका देईन." आणि दोन पानांत लिहिलंय तशी शांतबिंत ती नव्हती. जगाची भांडणं थंड डोक्यानं ऐकायची, पण मी ओला टॉवेल खाटेवर टाकला की घर डोक्यावर घ्यायची. एकदा मी म्हटलं, "त्या लोकांना जेवढं ऐकून घेतेस त्यातलं थोडं मलाही दे की." तर म्हणाली, "ते लोक टॉवेल कुठं टाकतात ते मला बघावं लागत नाही."

भांडणं तिच्याकडं कशी यायला लागली ते कळलंच नाही. गिरणीवर बायका डबा लावून बसतात, बसल्या की बोलतात. सासू-सून, नळाचं पाणी, सामाईक भिंत. विमलनं एक केलं. जी बाई भांडण घेऊन यायची तिच्या हातात ती गव्हाचं ताट द्यायची. "बोल, पण निवडता निवडता बोल." मी विचारलं, फुकट गहू निवडून घेतेस का? ती म्हणाली, "तोंडाकडं बघून माणूस मोठमोठं बोलतो. डोळे ताटात असले की झालं तेवढंच सांगतो." आणि तिचा दुसरा नियम, एकाचं ऐकल्याशिवाय दुसऱ्याला बोलवायचं नाही, आणि कोणी बोलावल्याशिवाय स्वतः जायचं नाही.

इथं गिरणीतली अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे. एकाचं दळण संपलं तरी दगडांमध्ये पसाभर पीठ राहतंच. कितीही झाडा. ते पुढच्याच्या डब्यात जातं. बाजरीमागं गहू लावला तर पोळी काळपट होते. म्हणून आपला डबा कोणाच्या मागं आहे यावर बायकांचा डोळा असतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा तो वाईट हिवाळा. गावोगावी पेटलेलं. आमच्याकडं हाणामारी झाली नाही, पण बोलणं बदललं. जवळच्या वडाळा गावाच्या बाजूनं मुसलमान घरांतली दळणं आमच्याकडं यायची. एक दिवस कॉलनीतले चार जण आले. म्हणाले, "निवृत्तीभाऊ, त्यांचं पीठ आमच्यात नको. त्यांना वेगळा वार द्या."

मी भडकलो. गिरणी माझी, वार ठरवणारे तुम्ही कोण, असं तोंडात आलंच होतं. विमल आतून आली आणि म्हणाली, "चालेल. देऊ वेगळा वार."

ती पुढं म्हणाली, "पण नुसतं झाडून दगड साफ होत नाहीत. त्यांच्या वाराला दळलं की तुमच्या वाराच्या आधी दर वेळी टाकी लावावी लागेल. आणि टाकीनंतरचं पहिलं दळण तुमचं. कच येईल जराशी. धर्माचं काम आहे, चावून घ्या."

चौघं एकमेकांकडं बघायला लागले. त्यातल्या एकाला कवळी होती. तो म्हणाला, "राहू द्या, आहे तसं ठीक आहे." पुन्हा तो विषय निघाला नाही.

आता सर्जेरावचं सांगतो. सर्जेराव माझा दोस्त. एस.टी.त ड्रायव्हर होता, माझ्याच चांदवडकडचा. आवाज हॉर्नसारखा. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, तंबाखू मळायचा आणि मला शिव्या द्यायचा. त्याची एकुलती एक मुलगी मंदा. विमलच्या बालवाडीतली पहिली पोरगी. चालायला लागल्यापासून आमच्या घरात. विमलनं तिचे केस विंचरले, नर्सिंगच्या परीक्षेला तिच्याबरोबर जाऊन बाहेर झाडाखाली बसली.

मंदानं लग्न केलं दवाखान्यातल्या कंपाउंडरशी. पोरगा सुरगाण्याकडचा, डोंगरातला, आदिवासी. सरळ पोरगा. सर्जेरावनं आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, "मला मुलगी नाय. यापुढं तिचं नाव काढलं तर मी हितं बसणार नाय." विमल त्याला म्हणाली, "भावजी, मी बोलू का तिच्याशी?" तो म्हणाला, "तुमाला कोणी बोलावलंय?" आणि विमलचा नियम त्यानंच तिच्या तोंडावर मारला.

मंदा आणि तिच्या नवऱ्यानं खोली घेतली ती गिरणीसमोरच, रस्त्याच्या पलीकडं. मुद्दाम घेतली का परवडली म्हणून घेतली, देव जाणे. सर्जेराव येताना मंदा दारात दिसली की मान फिरवून चालायचा. एस.टी. चालवली त्यानं इतकी वर्षं, पण इतकी मान वळवून कधी बघितलं नसेल.

एक दिवस मंदा डबा घेऊन आली. "काकू, आईचा डबा आलाय ना?"

"आलाय."

"मग माझा त्याच्या पुढं लावा ना. माझ्या घरचं पसाभर तरी आप्पांच्या पोटात जाईल."

विमलनं तिच्याकडं बघितलं. मग उठून निळ्या झाकणाचा मंदाचा डबा पुढं ठेवला आणि त्यामागं सर्जेरावचा. त्या दिवसापासून दर आठवड्याला हेच. सर्जेराव ओट्यावर बसून तंबाखू मळतोय आणि आत लेकीचं पीठ त्याच्या पिठात मिसळतंय. मला मजा वाटायची. विमलला त्याहून जास्त काहीतरी वाटायचं. त्या दिवशी ती गुणगुणायची.

मग तो क्लब आला. डॉक्टर, व्यापारी, वकील यांचा क्लब, रक्तदान करणारा, शाळेला बाकं देणारा. बालवाडीला सतरंज्या द्यायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एका डॉक्टरांनी विमलची टाकीची गोष्ट कोणाकडून तरी ऐकली होती. ते म्हणाले, "बाई, आमच्या क्लबाची जगभर शिष्यवृत्ती आहे, शांततेचा अभ्यास करायला. थायलंडला तीन महिन्यांचा कोर्स असतो. भांडणं कशी मिटवायची तेच शिकवतात. तुम्ही अर्ज करा."

मी म्हटलं, "डॉक्टर, शांतता शिकायला विमानानं जायचं? इथं लाइट गेली की शांतताच असते."

डॉक्टर हसले. विमल हसली नाही. ती म्हणाली, "मला जायचंय." तिनं माझ्याकडं कधी साडी मागितली नव्हती. त्यामुळं मीच डॉक्टरांना विचारलं, अर्ज कुठं मिळतो.

मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. मी बाहेर चपलांजवळ उभा. दार बंद होतं, पण तिचं इंग्रजी ते, गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेलं. त्यानं मला विचारलं, "आत भांडण चाललंय का?" मी म्हटलं, "नाही, शांततेची मुलाखत आहे." मधेच आतून मोठं हसू फुटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती. म्हणाली, "टाकीचं सांगितलं. टाकीला इंग्रजीत काय म्हणतात ते आलं नाही, मग हातोडा मारून दाखवला, टेबलावर."

निवड झाली. सर्जेराव निरोपाला आला. "वहिनी, एवढं लांब कशाला जाता? निवृत्तीच्या तोंडाला कुलूप लावलं तरी निम्मी शांतता होईल." ती म्हणाली, "भावजी, ते कुलूप शोधायलाच चाललेय."

तीन महिने मी तालुके खाल्ले नाहीत. खाणावळीच्या गोल पोळ्या खाल्ल्या. चव नव्हती.

ठरलेल्या दिवशी फोन यायचा. पहिल्यांदा काय म्हणाली सांगू? "अहो, इथल्या तांदळात खडाच नाही." मला कळेना. मग सांगितलं. तिच्या वर्गात दोन माणसं होती, दोघांचे देश एकमेकांशी लढलेले. ते एका टेबलावर जेवत नसत. विमलला राहवेना. तिनं होस्टेलच्या स्वयंपाकघरातून तांदूळ आणला, दोन ताटं केली आणि दोघांना निवडायला बसवलं. आणि तांदूळ स्वच्छ, पांढरा. निवडायला काहीच नाही. ते दोघं ताटाकडं बघतायत आणि विमल त्यांच्याकडं. "मग?" मी विचारलं. "मग काय, ते दोघं मिळून मला हसले. पण टेबल वेगळंच राहिलं."

मग एका फोनला तिचा आवाज वेगळा होता. त्यांना शिकवायला एक म्हातारी बाई होती. तिच्या देशात भावाभावांत लढाई झालेली, मुलगा त्यात गेलेला. वर्गात प्रत्येकानं आपापल्या गावातलं सांगायचं होतं. विमलनं मंदाच्या डब्याचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हातारी मात्र टाळ्या वाजवेना. तिनं विचारलं, "त्या बापाला विचारलंस?"

विमल म्हणाली, "विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता."

म्हातारी म्हणाली, "म्हणजे त्याचं 'नाही' तू चोरलंस."

मी म्हटलं, "तिला काय कळतंय इथलं?" विमल म्हणाली, "कळतंय हो तिला. म्हणून तर."

ती परत आली. क्लबानं शाल, नारळ दिला. तिनं आभार मानले, माइक असताना ओरडून. शिकलेलं लगेच वापरायला गेली आणि आपटली, तेही सांगतो. मागच्या गल्लीतल्या एका घरात सासरा आणि सून यांचं फाटलेलं. तिकडं शिकवलं होतं की सगळ्यांनी गोल करून बसायचं, एक वस्तू हातोहात फिरवायची, ज्याच्या हातात वस्तू त्यानंच बोलायचं. विमलनं सतरंजी टाकली आणि वस्तू म्हणून सासऱ्याच्या हातात लाटणं दिलं.

सासरा उठलाच. "बाई, माझ्या हातात लाटणं?" आणि सून सासऱ्यासमोर बसेना, ती स्वयंपाकघरात दाराआड. गोल कसला, पाव गोलसुद्धा होईना. विमल घरी आली, रागानं माझा टॉवेल दोरीवर टाकला आणि विचार करत बसली. दुसऱ्या दिवशी परत गेली. सतरंजी ओढली ती अर्धी बैठकीत आणि अर्धी उंबऱ्यावरून आत, स्वयंपाकघरात. सून दाराआडच, पण सतरंजीवर. आणि लाटण्याऐवजी त्या घरातला अडकित्ता, जो बाया-बाप्ये सगळेच वापरतात. अडकित्ता फिरत फिरत दारातून आत गेला आणि बऱ्याच वेळानं आतून त्या पोरीचा आवाज आला. लग्न झाल्यापासून सासऱ्यानं तो पहिल्यांदा ऐकला. पुढं त्यांचं बरं चाललं.

पण सर्जेरावचं काही तिच्या डोक्यातून जाईना. आल्या आठवड्यापासून तिनं ते डबे मागंपुढं लावणं बंद केलं. मधे दुसऱ्याचा डबा ठेवायची. मंदाच्या लक्षात आलंच. ती म्हणाली, "काकू, परदेशातून तुम्ही माझ्यासाठी काहीतरी आणाल असं वाटलं होतं. तुम्ही तर होतं तेही घेतलंत." आणि डबा उचलून निघाली. तिच्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता. विमल तिच्या पाठीकडं बघत राहिली.

त्या संध्याकाळी मला म्हणाली, "भावजींना सांगणार आहे."

मी म्हटलं, "वेडी आहेस. सांगितलंस की तो डबा उचलेल. पसाभर पीठ जातंय तेही जाईल."

"उचलू दे. डबा त्यांचा आहे."

सर्जेराव ओट्यावर येऊन बसला तेव्हा तिनं त्याच्या मांडीवर गव्हाचं ताट ठेवलं. तो हसला, "काय वहिनी, आज माझं कोणाशी भांडण लावताय?" आणि बोटांनी खडे बाजूला करायला लागला. तिनं सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. काही लपवलं नाही, मंदानं मागितलं होतं हेही नाही आणि आपण हौसेनं केलं हेही नाही.

सर्जेरावची बोटं थांबली. "म्हणजे तुम्ही मला फसवलं."

"हो."

"निवृत्तीला म्हाईत होतं?"

"होतं."

"वहिनी, दुसरं कोणी असतं तर..." त्याचा हॉर्न पहिल्यांदा बसलेला ऐकला मी.

ती म्हणाली, "मी माफी मागते भावजी. आता मी लावत नाही. पुन्हा लावायचं असेल तर ते तुम्ही सांगायचं."

त्यानं ताट खाली ठेवलं, आत जाऊन आपला डबा घेतला, न दळलेला, आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दळण पार पुढच्या चौकातल्या गिरणीत. ओटाही सुटला. माझा दोस्त गेला. मी चिडून विमलला म्हटलं, "झाली शांतता?" ती म्हणाली, "भांडण झालं. पण आता खरं झालं."

मंदाला मुलगा झाला. सर्जेरावची बायको चोरून बघून आली. सर्जेराव नाही गेला. मंदा विमलशी बोलायला लागली, पोरगं आमच्याकडं टाकून ड्यूटीला जायला लागली. डब्याचं मात्र दोघींनी पुन्हा काढलं नाही.

फक्त एक. आमच्याकडं फरशीवर डबे ओळीनं लागतात. विमल मंदाच्या निळ्या झाकणामागं एक फरशी मोकळी ठेवायची. गर्दी झाली, बायका कलकलल्या, तरी मोकळीच. कोणी डबा सरकवला की म्हणायची, "तिथं नंबर आहे." "कोणाचा?" "येईल तो." मी म्हटलं, "येणार नाही." ती म्हणाली, "न येण्याचा हक्क आहे त्यांना. आणि माझा फरशी मोकळी ठेवायचा."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अमरधाममध्ये अग्नी मीच दिला. सर्जेराव आला होता. खांदा दिला, माझ्या मागंच होता.

ज्या घरातलं माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं आणतात, घरच्याला बळेच दोन घास खायला लावतात, आणि आणणाऱ्यानंही बरोबर खायचं असतं. कडू घास म्हणतात त्याला. घाटावरून आलो तर पुढची खोली भरलेली. सर्जेराव माझ्या शेजारी येऊन बसला. त्याची बायको टोपल्या घेत होती. तेवढ्यात मंदा दारात आली, कडेवर पोरगं, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. आत बाप बसलेला दिसला तशी उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्या आईनं भाकरी तिच्या हातातून घेतल्या आणि आमच्यासमोर ठेवल्या.

सर्जेरावनं एक भाकर उचलली, मोडली. मग विचारलं, "कोणाकडची?"

त्याची बायको म्हणाली, "मंदीची."

सर्जेरावच्या हातात अर्धी भाकर. त्यानं दाराकडं बघितलं नाही. पिठल्याला लावून एक घास माझ्या तोंडाशी धरला. "घे." मी घेतला. मग दुसरा घास मोडून त्यानं स्वतःच्या तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसला. मान खाली होती. मंदा दारातून निघून गेली तेव्हा तो घास अजून त्याच्या तोंडातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो. चहा कोणी टाकला नव्हता. गिरणीचं दार उघडलं. सुतकात गिरणी उघडत नाहीत, मला माहीत आहे. दळायला नव्हती उघडली. घरात बसवेना म्हणून उघडली. आत सगळं तसंच. छिन्नी, हातोडी, पट्टा लोंबतोय, विमलचा गव्हाचा डबा गिरणीला टेकून. फरशीवर लाइट जायच्या आधी लागलेले डबे. निळं झाकण पुढं, आणि त्यामागची फरशी मोकळी.

पाठीमागं आवाज आला. सर्जेराव. खांद्यावर डबा.

मी म्हटलं, "सुतक आहे."

"वहिनीचं सुतक मलाबी हाय." त्यानं डबा खाली घेतला, पण ठेवला नाही, हातातच धरून उभा. "त्या चौकातल्या गिरणीचं पीठ गरम येतं. भाकर मोडती."

"बरं."

"मंदीचा डबा कोणता?"

"निळ्या झाकणाचा."

त्यानं मोकळ्या फरशीकडं बघितलं. "ही जागा कोणाची?"

"विमल म्हणायची, येईल तो." त्याला कळलं असावं. तो वाकला आणि डबा तिथं ठेवायला लागला. मी म्हटलं, "थांब. तू हो म्हणतोस, ठीक. पण तिलाही विचारायला पाहिजे. तिला आता चालेल का नाही, ती सांगेल. विमल असती तर विचारल्याशिवाय लावला नसता."

"मग तू विचार."

"मला कोणी बोलावलंय?"

सर्जेरावचे डोळे लाल. मला वाटलं, आता शिवी देईल. दिलीही, हळू आवाजात, नेहमीची. मग डबा त्या फरशीवर न ठेवता बाजूला, उंबऱ्याशी ठेवला, टोपी सारखी केली आणि विचारलं, "तवर तू काय करशील?"

"टाकी लावलेली आहे. पहिलं आमचं दळतो."

तो ओट्यावरून उतरला. रस्त्यावर एक रिक्षा जाऊ दिली, आणि पलीकडं निघाला. पायात एक चप्पल नीट गेली नव्हती, ती घासत चालला होता.

मी पट्टा चढवला. विमलनं निवडलेला गहू वरच्या पेटीत ओतला. एकही खडा दिसला नाही. लाइट होती. बटण दाबलं.